राष्ट्रपती, राष्ट्राध्यक्ष आणि विरोधी बाकांवरचा सदस्य

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली. सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या धोरणांवर विरोधी सदस्याने टीका करायची ती कुठून, कशी आणि कशासाठी, असा त्यांचा रोख आहे. म्हणून बाकीचे प्रश्न (त्यात एकट्या घोडबंदर रस्त्याचे तीन आहेत) पुढच्या अंकासाठी राखून ही चार पत्रे एकत्र घेत आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत. हा मजकूर नोव्हेंबर २०२५ च्या मध्यावर लिहिला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न : अमेरिकेच्या सिनेटमधील (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातील) विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य कोरी बुकर यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या धोरणांविरुद्ध सलग २५ तास भाषण केले, हे वाचून कौतुक वाटले. आपल्या संसदेत मात्र राष्ट्रपतींचे नाव घेताच सदस्याला थांबवले जाते. आपण अजून दरबारी वृत्तीतून बाहेर पडलो नाही, असा याचा अर्थ घ्यायचा का? माझा नातू हिंदी वाहिन्या पाहतो. तेथे दोघांनाही ‘राष्ट्रपती’ म्हणतात, त्यामुळे त्याला ही तुलना अगदी सरळ वाटते.
(निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे)

उत्तर : बाई, नातवाचा गोंधळ जिथे सुरू होतो तिथेच तुमच्या प्रश्नाचे उत्तरही आहे. इंग्रजीत दोन्ही पदांना एकच शब्द, हिंदीतही एकच. मराठी वृत्तपत्रांनी मात्र अमेरिकेचे ते राष्ट्राध्यक्ष आणि आपले ते राष्ट्रपती, असा भेद वर्षानुवर्षे पाळला आहे. हा भेद कुणी ठरवून केला की सवयीने रुळला हे बाजूला ठेवू, पण तो कामावरून केलेला आहे आणि अचूक आहे. अमेरिकेत कार्यकारी सत्ता एका माणसाच्या हाती असते, खात्यांचे मंत्री त्याने नेमलेले असतात आणि धोरण त्याच्या नावाने व त्याच्या मर्जीने ठरते. आपल्या संविधानाच्या ५३ व्या अनुच्छेदाने कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवली असली, तरी ७४ व्या अनुच्छेदानुसार ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरायची आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा सल्ला बंधनकारक असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो फेरविचारासाठी एकदा परत पाठवण्याची मुभा दिली. त्यामुळे आपल्याकडे ‘राष्ट्रपतींचे धोरण’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही. जे आहे ते सरकारचे धोरण, आणि त्यावर बोलायला सदस्याला कुणी अडवत नाही.

तुम्ही म्हणता ती अडवणूक लोकसभेच्या कामकाज नियमावलीतील ३५२ व्या नियमातून येते. चर्चेवर प्रभाव पाडण्यासाठी राष्ट्रपतींच्या नावाचा वापर करू नये आणि उच्चपदस्थांच्या वर्तनाबद्दल, रीतसर मांडलेला स्वतंत्र प्रस्ताव असल्याखेरीज, शेरेबाजी करू नये, असे तो सांगतो. यातला पहिला भाग नीट वाचावा. तो विरोधकांइतकाच सत्ताधाऱ्यांनाही लागू आहे. एखाद्या मंत्र्याने ‘या विधेयकाला खुद्द राष्ट्रपतींचा पाठिंबा आहे’ असे म्हणून विरोधकांचे तोंड बंद करू पाहिले, तर त्यालाही हाच नियम आडवा येतो.

मी अनेक वर्षे विधिमंडळात प्रतिवेदक म्हणून सभागृहातील भाषणे उतरवून घेत होतो. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आरंभी राज्यपालांचे अभिभाषण होई आणि त्यानंतर आभारप्रदर्शक प्रस्तावावर चर्चा. विरोधी बाकांवरचा सदस्य उभा राहिला, की त्याचे पहिले वाक्य जवळजवळ पाठ झालेले असे : ‘अध्यक्ष महोदय, माझा रोख मा. राज्यपालांवर नाही, सरकारने त्यांच्या तोंडी जी वाक्ये घातली त्यांच्यावर आहे.’ एवढे म्हटले की पुढचा तासभर त्याने कर्जमाफीपासून खड्ड्यांपर्यंत सरकारची सालटी काढली तरी अध्यक्षपीठाकडून हूं की चूं होत नसे. आमच्या वहीत ते वाक्य इतक्या वेळा आले की त्यासाठी लघुलेखनात मी स्वतःची एक खूण करून ठेवली होती.

संसदेत ८७ व्या अनुच्छेदाखालील राष्ट्रपतींच्या अभिभाषणाचेही असेच आहे. भाषण वाचतात राष्ट्रपती, पण त्याचा मसुदा सरकारचा, म्हणून त्यावरील प्रस्तावाला विरोधी सदस्य दुरुस्त्या सुचवतात आणि कधी कधी त्या मंजूरही होतात. ३ मार्च २०१५ रोजी राज्यसभेत सीताराम येचुरी यांची काळा पैसा आणि भ्रष्टाचाराविषयीची दुरुस्ती ११८ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाली. पुढच्याच वर्षी, ९ मार्च २०१६ रोजी, गुलाम नबी आझाद यांची पंचायत निवडणूक लढवण्याच्या हक्काविषयीची दुरुस्ती ९४ विरुद्ध ६१ अशी संमत झाली. राजस्थान आणि हरियाणाने उमेदवारांना घातलेल्या शिक्षणाच्या अटीवर तिचा रोख होता. दोन्ही वेळा राष्ट्रपती प्रणव मुखर्जी होते आणि दोन्ही वेळा नामुष्की झाली ती सरकारची. राष्ट्रपतींना ती लागली असे कुणी म्हटले नाही. याच्या उलट टोकाचा प्रसंगही आठवण्याजोगा आहे. ९ जानेवारी २०२३ रोजी तमिळनाडूचे राज्यपाल आर. एन. रवी यांनी अभिभाषणातील काही मजकूर वगळला, तेव्हा मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी छापील मजकूरच इतिवृत्तात घ्यावा असा ठराव मांडला आणि राज्यपाल सभागृहातून निघून गेले. म्हणजे राज्यपालांनी आपल्या मनाने वाचले तर तक्रार सरकारचीच असते.

आता अमेरिकेकडे. तेथे सदस्य राष्ट्राध्यक्षाला हवे ते बोलू शकतो, हा समज पूर्ण खरा नाही. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहाच्या, प्रथेनुसार राष्ट्राध्यक्षाच्या धोरणावर कितीही कठोर बोलता येते, पण त्याच्यावर वैयक्तिक हेत्वारोप करता येत नाही. त्याला खोटारडा म्हणणे नियमबाह्य ठरते. ९ सप्टेंबर २००९ रोजी ओबामा यांचे आरोग्यविम्यावरील भाषण चालू असताना रिपब्लिकन सदस्य जो विल्सन ‘तुम्ही खोटे बोलता’ असे ओरडले. त्यांनी माफी मागितली, तरीही सहा दिवसांनी प्रतिनिधिगृहाने २४० विरुद्ध १७९ मतांनी त्यांच्या वर्तनाबद्दल नापसंती नोंदवली. यंदा ४ मार्चला ट्रम्प यांच्या भाषणात काठी उंचावून सरकारी आरोग्य योजनेतील कपातीचा निषेध करणारे डेमोक्रॅटिक सदस्य ॲल ग्रीन यांना बाहेर काढण्यात आले आणि दोन दिवसांनी २२४ विरुद्ध १९८ मतांनी त्यांची निर्भर्त्सना झाली. त्या बाजूने त्यांच्याच पक्षाच्या दहा सदस्यांनी मत दिले होते.

बुकर यांचे भाषण सिनेटमधले, आणि सिनेटमध्ये ज्याला एकदा बोलण्याची संधी मिळाली त्याने उभे राहून बोलत राहावे, बसू नये, सभागृह सोडू नये, एवढी अट पाळली तर त्याला थांबवणे कठीण असते. ३१ मार्चच्या संध्याकाळी सात वाजता ते उभे राहिले आणि १ एप्रिलला २५ तास ५ मिनिटांनी थांबले. बसण्याचा मोह होऊ नये म्हणून त्यांनी आपली खुर्ची हलवायला लावली होती आणि स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून जेवण तीन दिवस आधी व पाणी आदल्या रात्रीच बंद केले होते. घशाला उसंत मिळावी यासाठी सहकारी मधूनमधून लांबलचक प्रश्न विचारत. आधीचा विक्रम स्ट्रॉम थर्मंड यांचा, १९५७ मधला, २४ तास १८ मिनिटांचा. तो कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या विधेयकाला विरोध करण्यासाठी होता आणि ते विधेयक तरीही मंजूर झाले. बुकर यांच्यासमोर तर कोणतेही विधेयक नव्हते. त्यांचे भाषण संपताच सिनेट नेहमीच्या कामाला लागले आणि त्याच संध्याकाळी ट्रम्प यांनी नाटोच्या राजदूतपदी केलेली नेमणूक मंजूर झाली.

तेव्हा नातवाला तुलना करायचीच असेल तर बुकर यांच्या भाषणाशेजारी आपल्या लोकसभेतील अविश्वास प्रस्तावावरची चर्चा ठेवायला सांगा. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात गौरव गोगोई यांनी मांडलेला प्रस्ताव पडणार हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते. मणिपूरवर पंतप्रधानांनी सभागृहात उभे राहून बोलावे हा त्यामागचा हेतू होता, आणि १० ऑगस्टला ते बोलले. आवाजी मतदानाने प्रस्ताव फेटाळला गेला, पण मांडणाऱ्यांचे निम्मे काम झाले होते. अमेरिकेच्या विरोधी सदस्याला ही सोयच नाही. तो पंचवीस तास बोलला तरी राष्ट्राध्यक्षाला सभागृहात येऊन उत्तर द्यावे लागत नाही. दरबारी वृत्तीचा शोध घ्यायचा तर मला तो या ठिकाणीही घ्यावासा वाटतो.

प्रश्न : तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही सुती ॲप्रन आणि टेबलक्लॉथ शिवून अमेरिकेला पाठवतो. ऑगस्टमध्ये आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के शुल्क लागले. शिपिंग बिल (निर्यातीचा सीमाशुल्क कागद) निघालेला एक कंटेनर बायरच्या सांगण्यावरून न्हावा शेवाहून ‘बॅक टू टाऊन’ करून, म्हणजे निर्यात न करता बंदरातून सोडवून, परत आणावा लागला. त्या काळात अमेरिकेतील विरोधी सदस्य या शुल्कावर रोज टीका करत होते. त्या टीकेने आमच्या कंटेनरला काय फरक पडला?
(लघुउद्योजक, तुर्भे, नवी मुंबई)

उत्तर : तुमच्या त्या कंटेनरला काहीही फरक पडला नाही, हे आधी सांगून टाकतो. पण तो का पडला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण दोष टीकेच्या तिखटपणात नव्हता.

अमेरिकेच्या संविधानाने आयात शुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला दिला आहे. ट्रम्प यांनी हे शुल्क लावले ते १९७७ च्या एका कायद्याचा आधार घेऊन, ज्यात राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केल्यावर राष्ट्राध्यक्षाला परदेशी व्यवहारांचे नियमन करता येते. अशी आणीबाणी संपवण्याचा अधिकार १९७६ च्या दुसऱ्या कायद्याने काँग्रेसला दिला होता, आणि मूळ तरतूद फार सोपी होती : दोन्ही सभागृहांनी ठराव करावा, आणीबाणी संपली, राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज नाही. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात असे सही टाळणारे ठराव घटनाबाह्य ठरवले. खटला लढणारा जगदीश राय चढ्ढा हा केनियात जन्मलेला भारतीय वंशाचा विद्यार्थी होता. हद्दपारीविरुद्धची त्याची लढाई अखेरीस राष्ट्राध्यक्षांच्याच पथ्यावर पडली. १९८५ मध्ये कायदा बदलला आणि आणीबाणी संपवायच्या ठरावालाही राष्ट्राध्यक्षाची सही लागू लागली. ज्याने आणीबाणी आणली त्यानेच ती उठवण्याच्या कागदावर सही करायची, आणि नाही केली तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते जमवायची! मार्च २०१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठीची आणीबाणी रद्द करणारा ठराव दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला आणि प्रतिनिधिगृहात तो उलथवण्यासाठी २४८ विरुद्ध १८१ एवढीच मते पडली.

तरीही विरोधकांनी यंदा तोच मार्ग पुन्हा धरला, कारण त्या कायद्यात एक गोष्ट अजून शाबूत आहे : असा ठराव मांडला की त्यावर मतदान टाळता येत नाही. २ एप्रिल २०२५ रोजी टिम केन यांचा कॅनडावरील शुल्काविरुद्धचा ठराव सिनेटने ५१ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर केला आणि त्यात सत्ताधारी पक्षाच्या चौघांनी विरोधकांना साथ दिली. ऑक्टोबरच्या अखेरीस तीन दिवसांत आणखी तीन ठराव झाले : ब्राझील, पुन्हा कॅनडा आणि जगभरचे सरसकट शुल्क.

पण प्रतिनिधिगृहात काय झाले ते पाहा. तिथल्या समितीने असा ठराव पंधरा ‘कॅलेंडर दिवसांत’ सभागृहापुढे आणलाच पाहिजे, असे कायदा म्हणतो. सत्ताधारी बहुमताने मार्च महिन्यात एका कामकाजविषयक ठरावात एक ओळ घातली की, या तरतुदीपुरता या अधिवेशनातील उरलेला कोणताही दिवस हा कॅलेंडर दिवस समजला जाणार नाही. सूर्य उगवत होता, मावळत होता, तारीख बदलत होती, पण समितीच्या हिशेबी दिवस काही सरत नव्हता. सप्टेंबरमध्ये ही युक्ती जानेवारी २०२६ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. इतकी वर्षे सभागृहांत काढूनही दिवसाला दिवस न मानणारा नियम मी पाहिला नव्हता. तुमच्या मालाच्या बाबतीत विरोधी टीकेचे जे झाले ते मुख्यतः या एका ओळीमुळे झाले.

भारताबद्दल बोलायचे तर, ऑक्टोबरमध्ये डेबोरा रॉस आणि रो खन्ना यांच्या पुढाकाराने प्रतिनिधिगृहातील १९ सदस्यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून हे शुल्क मागे घ्यावे व भारताशी संबंध सुधारावेत असे सांगितले. असे पत्र कुणावर बंधनकारक नसते. त्याला महत्त्व असेल तर ते त्यातील युक्तिवादामुळे, की या शुल्काचा भार अमेरिकेतील ग्राहक आणि कारखानदार यांच्यावरही पडतो. तुमचा बायर हेच तुम्हाला फोनवर सांगत असणार.

खरी हालचाल झाली ती न्यायालयात, आणि ती तुमच्यासारख्याच छोट्या व्यावसायिकांनी केली : न्यूयॉर्कचा एक वाइन आयातदार, इलिनॉयची एक शैक्षणिक खेळण्यांची कंपनी. २८ मे रोजी तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने आणि २९ ऑगस्टला अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ असा निकाल देऊन सांगितले की, १९७७ च्या कायद्यात असे अमर्याद शुल्क बसत नाही. सर्वोच्च न्यायालयात ५ नोव्हेंबर २०२५ रोजी सुनावणी झाली; हा मजकूर लिहिताना निकाल यायचा होता. विरोधी सदस्यांनी या खटल्यात आपले म्हणणे लेखी मांडले, आणि ‘शुल्क आमच्या अधिकारातले आहे, ते आम्ही कुणाला देऊन टाकलेले नाही’ हा त्यांचा मुद्दा सभागृहापेक्षा तेथे अधिक काळजीने ऐकला गेला. तोपर्यंत तुम्ही एवढेच पाहावे की, बायरशी होणाऱ्या नव्या करारात शुल्क वाढले वा परत मिळाले तर ते कुणाच्या खात्यावर, याची ओळ स्पष्ट लिहिलेली असावी.

प्रश्न : ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचा ठराव आणणारे श्री ठाणेदार मराठी आहेत. त्यांच्याच पक्षाने त्यांना का अडवले?
(विधी शाखेचा विद्यार्थी, खारघर)

उत्तर : आडनावामुळे आमच्या ठाणेकरांना ते आपले वाटतात, पण ठाणेदार यांचा जन्म चिकोडीचा आणि वाढले ते बेळगावात. काही काळ ते तुर्भ्याच्या खाडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात होते आणि १९७९ मध्ये अमेरिकेला गेले. २०२३ पासून ते मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत. २८ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी सात कलमी महाभियोग ठराव मांडला, मे महिन्यात त्यावर सक्तीने मतदान घडवण्याची सूचना दिली आणि १४ मे रोजी ऐन वेळी ती मागे घेतली.

पक्षाचे गणित साधे होते. महाभियोगाला प्रतिनिधिगृहात साधे बहुमत पुरते, पण तेही त्यांच्याकडे नव्हते, आणि पदच्युतीसाठी सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात. ठराव पडला असता तर सत्ताधाऱ्यांनी त्याचाच निर्दोषत्वाचा दाखला केला असता. जून महिन्यात ॲल ग्रीन यांनी दुसरा महाभियोग ठराव रेटला, तो ३४४ विरुद्ध ७९ मतांनी बाजूला सारला गेला आणि बाजूला सारणाऱ्यांत १२८ डेमोक्रॅट होते.

माझ्या मते विरोधी सदस्याने याहून लहान हत्यार निवडावे. २२ डिसेंबर १८४७ रोजी इलिनॉयच्या एका नवख्या सदस्याने राष्ट्राध्यक्ष पोक यांना आठ प्रश्न विचारले. मेक्सिकोने आमच्या भूमीवर आमचे रक्त सांडले असे तुम्ही म्हणता, तर ती नेमकी जागा कोणती, ती आमची होती की त्यांची, एवढाच त्यांचा आशय. त्या सदस्याचे नाव अब्राहम लिंकन. त्याच्या ठरावावर मतदानही झाले नाही, पण दोनच आठवड्यांत, ३ जानेवारी १८४८ रोजी, प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी ते युद्ध राष्ट्राध्यक्षांनी अनावश्यक आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केल्याचे म्हटले. आपल्याकडे १९७७ आणि १९८० मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेलेले रामभाऊ म्हाळगी याच पठडीतले. आपण सभागृहात काय केले याचा छापील अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. विधी शाखेत आहात, तर लिंकनचे ते आठ प्रश्न मुळातून वाचा. उलटतपासणीचा तो चांगला धडा आहे.

प्रश्न : सभागृहातील टीकेबद्दल सदस्यावर खटला होऊ शकतो का?
(वाचक, ऐरोली)

उत्तर : नाही. आपल्याकडे १०५ वा अनुच्छेद संसद सदस्याला आणि १९४ वा आमदाराला सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण देतो. अमेरिकेच्या संविधानात पहिल्या अनुच्छेदाच्या सहाव्या कलमात तसेच संरक्षण आहे. सभागृह स्वतः मात्र सदस्याला शिक्षा करू शकते, हे वर ग्रीन यांच्या उदाहरणात आलेच. अध्यक्षांनी एखादे वाक्य कामकाजातून काढून टाकले, तर इतिवृत्तात त्या जागी फुल्या पडतात आणि ते वाक्य छापणे हा विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. उरलेल्या कामकाजाचे खरे आणि निर्मत्सर वार्तांकन करणाऱ्या वृत्तपत्राला आपल्याकडील १९७७ च्याच एका कायद्याने संरक्षण आहे. पण सदस्याने तेच वाक्य संध्याकाळी गावदेवी मैदानावरच्या सभेत उच्चारले, तर तो तुमच्या-माझ्यासारखाच साधा नागरिक असतो, आणि बदनामीची नोटीस आली तर त्याला आपल्या खर्चाने वकील करावा लागतो.